एकशे दहा किलोमीटर

आमच्या घरी काश्मीरचा बेत आठ दिवसांत ठरला होता. साताऱ्याचा ठरायला चार वर्षे लागली.

पुण्याहून सातारा एकशे दहा किलोमीटर. रस्ता मोकळा असला तर दोन-सव्वादोन तासांचे काम. सकाळचा पहिला चहा पुण्यात घ्यावा आणि दुसरा साताऱ्यात, इतके ते जवळ. परंतु जवळच्या गावाचा हाच मोठा दोष असतो. त्याला केव्हाही जाता येते. त्यासाठी चार महिने आधी तिकीट काढावे लागत नाही, रजेचा अर्ज करावा लागत नाही, लोकरीचे कपडे खरेदी करावे लागत नाहीत. आणि म्हणूनच त्याचा मुहूर्तही लागत नाही. काशीयात्रा करून आलेल्या गृहस्थाला त्याच्याच गावच्या टेकडीवरच्या देवळाविषयी विचारावे, तर तो म्हणतो, “ते काय, जवळच आहे. जाऊ केव्हातरी.” हे ‘केव्हातरी’ कोणत्याही पंचांगात सापडत नाही.

साताऱ्याला माझ्या आईची थोरली बहीण असते. आमची ती मावशी, आईची अक्का. ही हकिगत २०२३ सालची. तेव्हा आई अठ्ठ्याहत्तर वर्षांची होती आणि मावशी चौऱ्याऐंशीची. दोघींची शेवटची भेट २०१९ च्या दिवाळीत झालेली. मध्ये टाळेबंदीची दोन वर्षे गेली, मग आईच्या गुडघ्याने एक वर्ष घेतले, आणि नंतरचे वर्ष कन्येच्या दहावीने. रोज संध्याकाळी सात वाजता मात्र दोघींचा फोन चुकत नाही. मावशीला कमी ऐकू येते, आईला कमी दिसते. आई इकडून मोठ्याने विचारते, “जेवलीस का?” मावशी तिकडे नुसती मान डोलावते. ती मान फोनमधून दिसत नाही, म्हणून आई पुन्हा विचारते. एका प्रश्नाला अशी पाच मिनिटे सहज जातात.

त्या वर्षी दिवाळी झाल्यावर एका रात्री जेवणे आटोपली आणि आम्ही साताऱ्याचा बेत हाती घेतला. डिसेंबरातला एक शनिवार नक्की झाला. चिरंजीवांनी मोबाइलवर नकाशा उघडला, मी कागद-पेन्सिल घेतली. सौ. म्हणाली, “वाटेत खायला तिखटामिठाच्या पुऱ्या आणि दशम्या करीन. बाकीचं तुम्ही ठरवा.” एकदा ‘तुम्ही ठरवा’ म्हटले की पुरुषांच्या बुद्धीला जे भरते येते, ते आम्हां बापलेकांनाही आले.

वास्तविक या रस्त्यावर पाहण्यासारखे किती आहे, हे यादी करू लागल्यावरच ध्यानात आले. पुणे सोडता सोडता कात्रजचा तलाव लागतो. याच तलावाचे पाणी नानासाहेब पेशव्यांच्या काळात भुयारी नळाने शहरातल्या हौदांपर्यंत आणले होते. घाट उतरून खेड-शिवापूर ओलांडले की नसरापूरजवळ झाडीत बनेश्वराचे देऊळ आहे. पुढे सारोळ्याच्या पुलावर नीरा नदी ओलांडली की पुणे जिल्हा संपतो आणि सातारा जिल्हा लागतो. शिरवळहून थोडे आत गेले की नायगाव. सावित्रीबाई फुले यांचा जन्म ३ जानेवारी १८३१ रोजी इथलाच. मग खंबाटकीचा घाट. तो उतरल्यावर सुरूरच्या फाट्याला उजवीकडे वळले की वाई.

वाई म्हटल्यावर माझ्यातला मराठीचा मास्तर जागा झाला. कृष्णेच्या घाटावरचा ढोल्या गणपती सगळेच पाहतात. परंतु तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी ज्या प्राज्ञपाठशाळेत वाढले, ती पाठशाळाही वाईचीच. आणि त्यांच्या संपादकत्वाखाली मराठी विश्वकोशाचे काम चालले तेही याच गावात. वाईला लागूनच मेणवली. तिथे नाना फडणविसांचा वाडा आहे, घाट आहे, आणि वसईच्या स्वारीनंतर आणलेल्या घंटांपैकी एक म्हणून ओळखली जाणारी पोर्तुगीज घंटा आहे. पुन्हा महामार्गाला लागून साताऱ्याकडे निघाले की मर्ढे हे गाव. कवी मर्ढेकरांचे आडनाव ज्या गावावरून आले, ते हेच. पुढे लिंब. तिथली बारा मोटांची विहीर. मग साताऱ्याच्या अलीकडे माहुली, कृष्णा आणि वेण्णा यांचा संगम. आणि अखेर अजिंक्यतारा. “आणि कंदी पेढे!” कन्या म्हणाली. तेही लिहिले.

एकूण अकरा ठिकाणे झाली. चिरंजीवांनी प्रत्येकासमोर मिनिटे मांडली. कात्रजला दहा, बनेश्वरला वीस, वाई-मेणवलीला मिळून दीड तास. पहाटे साडेपाचला निघायचे आणि रात्री दहापर्यंत परत. एवढा रेखीव बेत मी आयुष्यात केला नव्हता. मी तो मोठ्याने वाचून दाखविला.

आई कोपऱ्यातल्या खुर्चीत वाती वळीत बसली होती. वाचन संपल्यावर तिने विचारले, “आणि अक्काकडं कधी?”

मी कागदावरून बोट फिरवले. अजिंक्यताऱ्याच्या आणि पेढ्यांच्या मध्ये ते होते. “साडेपाच ते सहा,” मी म्हणालो.

आईने वातींचे तबक बाजूला ठेवले. “बरं,” ती म्हणाली. “वाटेत उशीर झाला तर तेवढंच कमी करा. नाहीतरी फोन असतोच की रोज.”

तिच्या आवाजात राग नव्हता, आणि रुसवाही नव्हता. असता तर बरे झाले असते, समजूत तरी काढता आली असती. ती उठून आत निजायला गेली. अकरा ठिकाणांचा तो कागद माझ्या हातात राहिला.

त्या रात्री मला लवकर झोप आली नाही. पुण्याचे आणि साताऱ्याचे नाते मनात घोळू लागले. १७०८ च्या जानेवारीत शाहू महाराजांना साताऱ्यात राज्याभिषेक झाला आणि सातारा छत्रपतींची राजधानी ठरली. पेशवा पुण्यात कितीही मोठा झाला तरी पेशवाईची वस्त्रे त्याला साताऱ्याच्या छत्रपतींकडून घ्यावी लागत. म्हणजे मोठेपणा साताऱ्याकडे होता आणि पुण्याने तिकडे जायचे होते. १७४९ च्या डिसेंबरात शाहू महाराज निवर्तले. त्यानंतर कारभाराचे वजन पुण्याकडे सरकत गेले. वस्त्रे साताऱ्याहूनच येत राहिली; पण सातारा हे वस्त्रांपुरतेच उरले. तेव्हापासून आम्हां पुणेकरांना सातारा म्हणजे पुढे कोल्हापूरला नाहीतर महाबळेश्वरला जाताना लागणारे गाव. त्याला आम्ही अर्धा तास देतो. फार तर पेढे घेतो. माझ्या कागदाने नवे असे काहीच केले नव्हते. पुण्याची जुनी खोड तेवढी त्याने चालवली होती.

सकाळी मी तो कागद फाडला आणि नव्याने बेत मांडला. या वेळी आधी माणूस लिहिले, नंतर ठिकाणे. शनिवारी दुपारच्या जेवणाला मावशीकडे. रात्री तिथेच मुक्काम. रविवारी सकाळी मावशीच्या सवडीने काय होईल ते, आणि दुपारी परत. जाताना वाटेत एक थांबा, तोही आईच्या पायांसाठी. बाकी सगळे खोडले. चिरंजीव हळहळले. म्हणाले, “बाबा, मग हा प्रवास कसला? ही तर नुसती पाहुणचाराची खेप झाली.”

“तेच करायचं आहे,” मी म्हणालो.

आईला नवा बेत सांगितला, तेव्हा ती काही बोलली नाही. संध्याकाळी सातच्या फोनवर मात्र तिचा आवाज नेहमीपेक्षा चढलेला होता. थोड्या वेळाने बाहेर येऊन म्हणाली, “एक मागू का? नव्या बोगद्यानं नको. जुन्या कात्रजच्या घाटानं चल.”

वयस्कर माणसांना घेऊन निघायचे, तर दोन-चार गोष्टी आधी ठरवाव्यात, हे या निमित्ताने शिकलो. नकाशा सांगतो तो वेळ गाडीचा असतो, माणसाचा नव्हे. दर तासाला पाच-दहा मिनिटे गाडी थांबवावी, आणि ती कुठेही नव्हे, तर जिथे स्वच्छ मोरी आहे आणि जिथे पायऱ्या चढाव्या लागत नाहीत अशा जागी. औषधांचा डबा मागच्या डिकीत न ठेवता हातापाशी ठेवावा. शनिवारी सकाळी निम्मे पुणे बाहेर पडते, म्हणून खेड-शिवापूरचा टोलनाका सात वाजण्यापूर्वी मागे टाकावा. आणि या रस्त्याची एक खुबी लक्षात ठेवावी. आम्ही गेलो तेव्हा साताऱ्याकडे जाणारी वाहने खंबाटकीचा घाट चढून जात, आणि पुण्याकडे येणारी बोगद्यातून बाहेर पडत. म्हणजे जाण्याचा आणि येण्याचा वेळ सारखा धरून चालत नाही. ज्याला घाटातली वळणे सोसत नाहीत, त्याने जाताना पोट हलके ठेवावे.

सहाला निघालो. जुना घाट चढताना थंडी होती, रस्त्यावर धुके होते. जुन्या बोगद्याच्या अलीकडे आईने गाडी थांबवायला सांगितली. खाली पुणे पसरले होते. अजून दिवे विझले नव्हते. आईला त्यातले किती दिसले, देव जाणे. ती म्हणाली, “पासष्ट साली लग्न होऊन आले ती एस.टी.नं. चार तास लागले. बोगद्यातून बाहेर पडलो आणि कंडक्टर म्हणाला, आलं पुणं. असेच दिवे होते. मला वाटलं, केवढं हे गाव! यात मी हरवले, तर अक्काला कळवणार कोण?”

मुले गप्प झाली. आजी कधी हरवू शकली असती, हा विचार त्यांनी केला नव्हता. खरे म्हणजे मीही केला नव्हता.

नीरा ओलांडली, शिरवळला चहा घेतला, आणि खंबाटकीच्या घाटात अडकलो. वर एक मालट्रक बंद पडला होता. पाऊण तास गाड्या मुंगीच्या पावलाने सरकत होत्या. सौ.ने पुऱ्यांचा डबा उघडला. चिरंजीवांनी घड्याळ पाहिले, आणि माझ्याकडे पाहिले. बोलला काहीच नाही. पण दोघांच्याही मनात एकच हिशेब चालला होता. पहिला बेत कायम असता, तर हा पाऊण तास कुणाच्या वाट्याचा गेला असता? मावशीचा तर अर्धाच तास होता.

घाट उतरलो. सुरूरचा फाटा आला, वाईची पाटी आली आणि गेली. भुईंज गेले, पाचवड गेले. प्रत्येक पाटी ओलांडताना मला थोडे चुटपुटल्यासारखे होत होते, हे कबूल करतो. मर्ढ्याची पाटी दिसली तेव्हा पायाने आपोआप ब्रेक दाबला. मागून आई म्हणाली, “थांबायचं का?” मी म्हणालो, “नाही, खड्डा होता.”

साडेदहाला मावशीच्या दारात उभे राहिलो. मावशी आठ वाजल्यापासून पडवीत बसून होती, असे मावसभाऊ म्हणाला. आईला गाडीतून उतरवले. दोघी समोरासमोर आल्या. चार वर्षांनी भेटलेल्या बहिणी आता काय बोलतात, म्हणून आम्ही सगळे कान देऊन उभे होतो. आई मोठ्याने म्हणाली, “जेवलीस का?” सकाळचे साडेदहा वाजले होते. मावशीने मान डोलावली. या वेळी ती मान आईने, हात लावून का होईना, पाहिली.

दुपारी बाजरीची भाकरी, भरली वांगी आणि खर्डा. मग दोघी माजघरात एकाच सतरंजीवर आडव्या झाल्या. मी दोन-तीनदा डोकावलो. कधी बोलणे चालले होते, कधी नव्हते. मावशी आईच्या हातावरच्या सुरकुत्या ओढून सरळ करीत होती आणि त्या पुन्हा जागच्या जागी जात होत्या. मुले अजिंक्यताऱ्यावर जाऊन आली, पेढेही आणले गेले. कोणाच्या वेळातून काही कापावे लागले नाही.

रात्री बोलता बोलता चिरंजीवांनी लिंबाच्या विहिरीचा विषय काढला. यादी फाडली तरी ती त्याच्या मोबाइलमध्ये होतीच. मावशीने विचारले, “कसली विहीर?” तो कानाशी जाऊन ओरडला, “बारा मोटांची!”

“ती होय,” मावशी म्हणाली. “आम्ही पाहिलीच नाही.”

चौऱ्याऐंशी वर्षे साताऱ्यात काढलेली बाई, आणि लिंब साताऱ्यापासून पंधरा-सोळा किलोमीटर! आईनेही पाहिली नव्हती. दोघी लहान असताना आजोबा दर उन्हाळ्यात म्हणत, यंदा बैलगाडी करून लिंबाला जाऊ. “जवळच होतं,” आई म्हणाली, “म्हणून राहिलं.”

रविवारी सकाळी नऊला दोन गाड्या निघाल्या. मावसभावाने आपलीही घेतली, म्हणजे परतताना मावशीला त्याच्या गाडीतून घरी नेता येईल. महामार्ग सोडून दोन-तीन किलोमीटर आत, शेतांच्या मधून गेले की विहीर येते. दुरून काहीच दिसत नाही. विहीरच ती, वर काय दिसणार! काठाशी गेल्यावर मात्र छाती दडपते. शाहू महाराजांच्या कारकिर्दीत, १७१९ ते १७२४ या काळात, वीरूबाई भोसले यांनी ती बांधून घेतली. विहीर अष्टकोनी, दगडी बांधणीची. खोली सुमारे एकशे दहा फूट आणि व्यास पन्नास फूट, असे सांगतात. एका वेळी बारा मोटा चालाव्यात एवढी ती मोठी. हे पाणी आसपासच्या आमराईला जात असे. पण खरी नवलाई पोटात आहे. रुंद पायऱ्या उतरून गेले की पाण्याच्या वर, विहिरीच्या आतच, महाल बांधलेला आहे. त्याच्या खांबांवर देवदेवता, हत्ती-घोडे आणि कुस्ती खेळणारे मल्ल कोरलेले आहेत. भर उन्हाळ्यात इथे बसले तर गारवा कसा असेल, हे डिसेंबरातही कळते.

परंतु पायऱ्या उतरणे दोघींनाही शक्य नव्हते. मावसभावाने दोन घडीच्या खुर्च्या आणल्या होत्या. त्या काठापासून बेताच्या अंतरावर, झाडाच्या सावलीत मांडल्या. मुले खाली गेली. कन्या महालाच्या गच्चीवर येऊन वर ओरडून सांगू लागली, “आजी, इथं गणपती आहे! इथं हत्तीवर माणूस बसलाय!” मावशीला ते ऐकू येईना. मग आई तिच्या कानाशी वाकून एकेक वाक्य सांगू लागली. मावशीला मात्र काठावरून समोरची कमान दिसत होती, पलीकडच्या भिंतीवर वाढलेले झाड आणि त्यावर बसलेले पोपट दिसत होते. आईला ते दिसेनात. मग मावशी तिला सांगू लागली, कमान केवढी आहे, पोपट किती आहेत. दोघींनी मिळून तासभर विहीर पाहिली.

मी खाली गेलो नाही. का, ते सांगता येणार नाही. तिथेच मागे उभा राहिलो.

निघताना फाट्यावर दोन्ही गाड्या थांबल्या. इथून मावशीची गाडी साताऱ्याकडे वळणार, आमची पुण्याकडे. आईने खिडकीतून हात बाहेर काढला. मावशी म्हणाली, “पुढल्या खेपेला मेणवली. तीही मी नाही पाहिली.” आई म्हणाली, “संध्याकाळी फोन करते.” एवढेच.

येताना घाट लागला नाही, बोगद्यातून क्षणात पलीकडे आलो. संध्याकाळी पाचला घरी पोहोचलो आणि सातला फोन झाला. “जेवलीस का?” आईने विचारले. आणि मग कितीतरी वेळ पोपटांविषयी बोलणे चालले होते.

त्यानंतर आम्ही तीनदा साताऱ्याला जाऊन आलो. एका खेपेला येताना नायगाव पाहिले, एकदा वाईला जाऊन आलो. मेणवलीलाही गेलो, पण मावशीला आता गाडीत फार वेळ बसवत नाही, म्हणून तिच्याशिवाय. घाटावरची ती घंटा चिरंजीवांनी मोबाइलवर टिपली आणि साताऱ्याला जाऊन तिला दाखविली. तिने विचारले, “वाजते का?” आईने कानाशी वाकून सांगितले, “वाजते.”

दिवाळीची सुट्टी आली आहे. लांबचे बेत आपण सगळे करतोच, आणि करावेतही. परंतु या चार दिवसांत एखाद्या रात्री जेवणे झाल्यावर एक कागद घ्यावा आणि दोन-तीन तासांच्या अंतरावरचे एखादे गाव त्यावर लिहावे. गावात काय पाहायचे, हे नंतर लिहा. तिथे कोण आहे, ते आधी लिहा. आणि त्या माणसापुढे मिनिटे मांडू नका. खंबाटकीच्या घाटात मालट्रक केव्हा बंद पडेल, ते कोणी सांगावे!